रिबकाबाईंचा शनिवार

"मलिदा याच घरात, सगळ्यांसमोर होईल, नाहीतर माझं लग्न तुझ्याशिवाय होईल, आई," सिपोरा म्हणाली आणि रिबकाबाईंच्या हातातला गोड पोह्यांचा थाळा तसाच ओट्यावर टेकला.

धाराशिवच्या त्या बंगल्यांच्या कॉलनीत, डॉक्टर आणि अडत्यांच्या शेजारात, यहुद्यांचं घर एवढं एकच. लग्नाआधीच्या मलिद्याला, म्हणजे गोड पोहे मांडून एलियाहू पैगंबराची गाणी म्हणायला पुण्याचे नातलग निघाले होते, आणि लेकीनं परस्पर कॉलनीतल्या बायकांनाही बोलावलं होतं.

"आपण शनीचं व्रत करतो, असं सांगत आलीस सगळ्यांना. भित्री आहेस तू."

रिबकाबाईंना तो जुना दिवस आठवला. सहा वर्षांच्या सिपोराला शेजारच्या वाढदिवसातून परत धाडलं होतं, 'यांचं काय असतं कोण जाणे' म्हणून. नवा फ्रॉक घालून पोर अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून होती. त्यांचा शनिवार विसाव्याचा, त्या दिवशी आग पेटवायची नाही. शेजारणींनी विचारलं, शनिवारी चूल बंद, शनीचं व्रत का? आणि त्या 'हो' म्हणून गेल्या. त्या एका शब्दानं लेकीला मैत्रिणी मिळाल्या आणि आईच्या नशिबी शनीचं देऊळ आलं. एकाच देवाला मानणारी ती माउली अठरा वर्षं तिथं उभी राहिली, आणि घरी येऊन आपल्या देवाची क्षमा मागत राहिली...

"भित्री कुणाला म्हणतीस गं?" शेजारच्या पार्वतम्मा दारात चपला काढत होत्या. "देवळात ही तेल घालायची, पण काडी मला ओढायला लावायची. म्हणायची, हात कापतोय. सहा दिवस गॅस पेटवणाऱ्या बाईचा हात शनिवारीच कसा कापतोय? मला तवाच उमगलं, हिचा शनिवार येगळा हाय."

"देवळात?" सिपोरा आईकडे वळली. "आई, तू तर यांच्यासोबत फिरायला जायचीस ना?"

रिबकाबाईंनी मान खाली घातली. "मग विचारलं का नाही कधी, पार्वतम्मा?"

"विचारलं असतं तर तुमी घराबाहेर पडला नसता, अन् पोर परत एकटी पडली असती. माझ्याच दारातून तिला धाडली होती. ते म्या इसरले न्हाय."

सिपोरानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "माझ्यासाठी केलंस... आणि मी काय काय बोलले तुला."

"तुला पायरीवर बसलेलं बघवलं नाही गं."

तेवढ्यात चार बायका आत आल्या. "कसली पूजा हो, रिबकाताई? शनीची का?"

सिपोरानं तोंड उघडलं आणि मिटलं. हे आईनंच बोलायचं होतं.

"नाही," रिबकाबाई म्हणाल्या. "शनी आमचा कधीच नव्हता. आम्ही यहुदी, बेने इस्राएल. इतकी वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलले."

चौघी होत्या तिथंच उभ्या राहिल्या.

"बरं, ते कळलं," पार्वतम्मा म्हणाल्या. "आता बायांना बसा म्हणता का उभंच ठेवता?"

रिबकाबाईंनी डोळे पुसले, सतरंजीचं एक टोक उचललं. दुसरं सिपोरानं धरलं.