मारायचं म्हणजे मारायचं

आमच्या घरी दर शनिवारी दुपारी लुडोचा डाव बसतो. हसा खुशाल. खेळणारे चौघं: मी, आमचे हे, यांचा धाकटा भाऊ आणि खालच्या मजल्यावरचे सुतार. सोंगटी प्रत्येकाला एकच, म्हणजे डाव रेंगाळत नाही. आणि एक नियम आमच्या घरचा खास. मारता येत असेल तर मारलंच पाहिजे. नाही मारलं, तर आपलीच सोंगटी परत सुरुवातीला. हा नियम माझ्यामुळे आला. नवं लग्न होतं, यांची सोंगटी मारायला माझा हात धजायचा नाही, आणि सुतार चिडायचे. शेवटी यांनीच जाहीर केलं, "पटावर भीड नको. मारायचं म्हणजे मारायचं."

त्या शनिवारी पट नवा होता. जुना पुठ्ठ्याचा पार फाटला, म्हणून सुतारांनी लाकडाचा करून आणला. कुठल्याशा पाडलेल्या घराच्या दाराची फळी होती म्हणे. काम देखणं, कडा घासून गुळगुळीत. मी औषधांच्या दुकानात काम करते, माझं नाक तिखट आहे. त्या फळीला बंद खोलीचा वास होता. पट दोनदा पुसला तरी वास गेला नाही.

धाकटा नेहमीसारखा उशिरा उगवला. काखेत हेल्मेट, हातात संत्र्यांची पिशवी. "वहिनी, आधी पाणी दे, शिव्या मग दे!" सासूबाई गेल्या तेव्हा हा शाळेत होता. यांनी आणि मीच त्याला वाढवला. आम्हाला मूल नाही, आमचं सगळं कौतुक याच्यावरच. आता त्याचं लग्न ठरलं होतं, आणि स्वारी दुसरं काही बोलतच नव्हती.

डाव सुरू झाला. धाकट्याची सोंगटी जेमतेम बाहेर पडली तोच सुतारांनी ती मारली. आम्ही हसलो. मी सोंगटी उचलून सुरुवातीला ठेवली आणि मान वर केली, तर त्याची खुर्ची रिकामी.

बेल वाजली.

दारात धाकटा. काखेत हेल्मेट, हातात संत्र्यांची पिशवी. "वहिनी, आधी पाणी दे, शिव्या मग दे!"

"अरे, गेलास कुठून तू?" सुतार म्हणाले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दार एकच, आणि त्या दाराला पाठ लावून मी बसले होते.

"गेलो कुठे? आत्ता तर येतोय."

याला लहानपणापासून खोड्यांची हौस, म्हणून मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पिशवी आत ठेवायला गेले. ओट्यावर पहिली पिशवी तशीच होती. दोन्हींच्या गाठी सारख्या, आणि दोन्हींत वरच्याच संत्र्याला डाग.

दुसऱ्यांदा त्याची सोंगटी माझ्या हातून मेली. तेव्हा ती अर्ध्या वाटेवर होती. मला मारायची नव्हती, पण फाशावर नेमकं तेवढंच पडलं, आणि नियम म्हणजे नियम. या वेळी मी डोळ्याची पापणीही न लववता त्याच्याकडे बघत होते. तरी तो उठताना मला दिसला नाही.

बेल. हेल्मेट. संत्री. तेच वाक्य.

"काय रे," मी आवाज सांभाळत विचारलं, "सूनबाईंचा फोन आला का?"

"कुणाचा?"

"अरे, लग्न ठरलंय तुझं."

"माझं? वहिनी, दुपारीच चढली काय तुला?" तो खळखळून हसला. आम्ही तिघं नाही हसलो. पहिल्यांदा सोंगटी थोडी मागे आली, तेव्हा त्याची दुपार गेली. या वेळी अर्धी वाट मागे आली, तर नवरीच गेली. हिशोब उघड होता.

"उचला हा पट," मी म्हणाले. सुतारांनी हात पुढे केला.

"थांबा." यांनी त्यांचं मनगट धरलं. "त्याची सोंगटी अजून वाटेत आहे. डाव मोडला तर हा कुठे राहील?"

सुतारांनी हात मागे घेतला. धाकटा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "दादा, झालंय काय तुम्हाला?"

"काही नाही रे. खेळ तू. नीट घरी जा."

आम्ही खेळलो. नुसता फासा लाकडावर टकटकत होता. धाकट्याला सहावर सहा पडत गेले. सोंगटी पळत सुटली, शेवटच्या वळणावर पोचली. तिच्या जरा मागे यांची.

यांनी फासा टाकला.

तीन.

मी घरं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्या घरात धाकट्याची सोंगटी होती. एवढ्या लांबून मागे गेली, तर त्याच्यात आम्ही तरी उरणार होतो का?

"मारू नका हो," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी परत तेच.

"नाही मारत." यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग चष्मा काढून पटाशेजारी ठेवला, आपली सोंगटी उचलली आणि सुरुवातीला नेऊन ठेवली.

"अहो!"

खुर्ची रिकामी होती. चष्मा तिथंच होता.

बेल वाजली.

दार मीच उघडलं. हे उभे होते, डोळ्यांवर तोच चष्मा. चपला काढून भिंतीकडेला नीट जोडून ठेवत होते. चपला भिरकावण्यावरून जन्मभर माझी बोलणी खाल्लेला माणूस.

"नमस्कार. लुडोचा डाव इथंच असतो ना?"

"दादा, ये की आत!" धाकटा ओरडला. यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून.

मग आत आले. खुर्चीच्या टोकाशी अवघडून बसले. सुतारांनी खाली मान घालून फासा पुढे सरकवला. यांनी तो हातात घेतला, आणि मला अगदी अदबीनं विचारलं,

"ताई, तुमचा रंग कुठला?"