एकाहत्तर दिवसांचा पाऊस

त्या दिवशी मी केबल घ्यायला दुकानात गेले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण केबल हवी होती, आणि काउंटरवर माझ्यापुढे तो उभा होता. टॉवेलात गुंडाळलेला जुना लॅपटॉप त्याने तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता.

दुकानदाराने आतली हार्डडिस्क काढून त्याच्या हातावर ठेवली. "कोरी आहे. तुम्हीच पुसलीत ना? मग आता विसरा."

"विसरू नका!" मी मध्येच तोंड घातलं. नाकाने कांदे सोलायची सवय, दुसरं काय? "पुसलेलं लगेच जात नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं तरच जातं. मी घरी हेच काम करते. आजवर माझ्या हातून एक फाइल गेलेली नाही."

तो वळला. चष्म्याच्या काचांवर थेंब होते आणि त्यांच्यामागचे डोळे अगदी रडकुंडीला आलेले.

"काय होतं डिस्कवर?" मी विचारलं.

"पाऊस," तो म्हणाला. मग स्वतःच ओशाळून हसला.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. नऊ वर्षं रोज सकाळी आठ वाजता गच्चीवर जाऊन पाऊस मोजायचा आणि आकडा वहीत टिपायचा. वही भरली की आकडे लॅपटॉपवर चढायचे आणि वही रद्दीत जायची. भाचीला जुना लॅपटॉप द्यायचा म्हणून त्याने तो पुसला, आणि नंतर कळलं की ज्या पेन ड्राइव्हवर नक्कल आहे असं वाटत होतं, तो रिकामाच होता. हवामानाच्या एका संशोधन संस्थेने ती नोंद मागितली होती. महिन्याभरात द्यायची होती.

"देते मी काढून," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

आमचं जेवणाचं टेबल हेच माझं दुकान. अर्ध्यावर ताटं, अर्ध्यावर स्क्रू, केबली आणि उघडे लॅपटॉप. त्याची डिस्क म्हातारी झाली होती, तासाला जेमतेम एक टक्का पुढे सरकायची. तो रोज शाळा सुटल्यावर यायचा.

"किती झालं?"

"बावीस टक्के."

"तासापूर्वी फोनवर एकवीस म्हणाला होतात."

"एवढी घाई असेल तर त्या दुकानदाराकडे जा."

"नको. तिथे चहा मिळत नाही."

"चहा आई करते, सर. मी नाही."

"म्हणून तर... चहासाठी येतो, असं मी म्हटलं नाही."

मी उगाचच एक घट्ट बसलेला स्क्रू आणखी घट्ट केला. आईने त्याचं नाव 'पाऊसवाले' ठेवलं होतं. घंटा वाजली की ती आतूनच ओरडायची, "बघ गं, तुझे पाऊसवाले आले!" आणि 'तुझे'वर असा काही जोर द्यायची की मला टेबलाखाली लपावंसं वाटायचं.

माझ्या कामात एक नियम आहे, आणि तो मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर परत ठेवायच्या नाहीत, दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या. नाहीतर आपण एक वाचवतो आणि तिच्याखाली दुसरी गाडतो.

शंभर टक्के झाले त्या संध्याकाळी तो नखशिखान्त भिजून आला. मी टॉवेल दिला. तो केस पुसू लागला, मग चष्मा, मग कान. अगदी लहान मुलासारखे, एकेक कान बोट घालून... आणि मी बघत राहिले. स्क्रीनवर 'कुठे ठेवू?' असा प्रश्न आला होता. मी न बघताच बोट दाबलं.

त्याचीच डिस्क. मी त्याच्या फाइली त्याच्याच डिस्कवर लिहीत होते.

केबल उपटली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. "झालं ना?" त्याने टॉवेलातूनच विचारलं. मी म्हटलं, "झालं. उद्या देते."

आठ वर्षं सुखरूप निघाली. नवव्या वर्षात मधले एकाहत्तर दिवस नव्हते. तेव्हाच फोन करायचा होता... मी केला नाही. आजवर एक फाइल गेलेली नाही, हे माझंच वाक्य आड आलं. बाकीच्या वर्षांच्या फाइली उघडल्या, त्या-त्या तारखांचे आकडे बघितले, थोडे वाढवले, थोडे कमी केले, मध्ये दोन-चार कोरडे दिवस पेरले. एकाहत्तर दिवसांचा पाऊस मी जेवणाच्या टेबलावर बसून पाडला. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिला.

त्याने चष्मा काढून पुसला. "माझी नऊ वर्षं दिलीत तुम्ही परत." आईने पदराने डोळे टिपले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी त्याने गच्चीवर बोलावलं. पत्र्याचं नरसाळं, त्याखाली बाटली. बाटलीतलं पाणी त्याने काचेच्या मापात ओतलं आणि म्हणाला, "वाका ना. डोळा पाण्याच्या रेषेला आला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो."

चोराच्या मनात चांदणं. मी दचकले. आमची डोकी जवळ आली होती, त्याच्या शर्टाला खडूचा वास होता, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला तेवढं पुरलं असतं.

"एक गंमत सांगू?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी नऊ ऑगस्टला आम्ही ताईचं सामान हलवलं होतं. उघड्या टेम्पोतून, आणि गादीला थेंब लागला नाही. तेव्हापासून मी हे छातीठोकपणे सांगत आलो. पण तुमच्या फाइलीत त्या दिवशी बावीस मिलिमीटर आहेत! कालच ताईला फोन करून म्हटलं, आपलंच चुकतंय गं. नोंद खोटं बोलत नाही."

माझ्या खोट्यासाठी तो स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवत होता. बहिणीलाही.

"ताईंचं बरोबर आहे," मी म्हटलं. "गाद्या कोरड्याच होत्या. ते बावीस... माझे आहेत."

मग सगळं सांगितलं. टॉवेल, कान, बोट, सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"एकाहत्तर."

"बोट चुकलं हे समजू शकतो. पण नंतर रोज माझ्याशी हसून बोलत होतात..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. मापातलं पाणी ओतून टाकलं. त्या दिवसाचा आकडा लिहायचा राहिला, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

घरी येऊन आईला सांगितलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, "तेव्हाच सांगितलं असतंस तर नुसती चूक होती गं." मी ओक्साबोक्शी रडले. बारा दिवस घंटा वाजली की मी धावत दाराशी जायचे. एकदा दूधवाला होता, एकदा शेजारीण.

तेराव्या दिवशी तो होता. त्याच्या हातात संस्थेचा छापील अर्ज होता.

"तुमचे आकडे काढून टाकले. तिथे रेघा मारल्या," तो न बसताच म्हणाला. "इथे एक रकाना आहे. नोंद नसण्याचं कारण. काय लिहू?"

"खरं लिहा. फाइल काढणारी बाई नोंद ठेवणाऱ्याकडे बघत होती. तिला तो... आवडतो. आणि तिला फार लाज वाटते."

त्याचे कान लाल झाले. "एवढं मावणार नाही," म्हणत त्याने लिहिलं – 'मानवी चूक.' पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"त्या दिवशी बॅगेत माझी छत्री होती," तो अर्जाकडे बघत म्हणाला. "तुम्ही टॉवेल द्याल म्हणून भिजत आलो."

मी हसले, आणि हसताना रडूही आलं. तो मात्र हसला नाही.

"पण तुमच्यावर विश्वास बसायला मला वेळ लागेल. खोटं नाही सांगत. म्हणून उद्यापासून सकाळी आठला गच्चीवर यायचं. मी वाचीन, तुम्ही लिहायचं. खाली दोघांची सही."

"रोज?"

"रोज."

"आणि पाऊस नसेल त्या दिवशी?"

"त्या दिवशीही यायचं," तो म्हणाला. "शून्य लिहायलासुद्धा माणूस तिथे असावा लागतो."