सुचित्रावहिनींचा गोंधळ

कांताबाई लालबागच्या बाजारात गेल्या त्या गोंधळाचं सामान आणायला. ओटी एका नम्रताचीच, नव्या सुनेची भरायची होती; पण दुकानात त्यांच्या हातांनी दुसराही खण बाजूला काढला. तो कुणासाठी, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या सासरची रीतच तशी. लग्न लागलं तरी घरात संबळ वाजून देवीचा गोंधळ होत नाही, तोवर नवरी देवापुढे दिवा लावत नाही. ती अजून उंबऱ्यावरचीच. थोरली जाऊ सुचित्रा तशीच राहिली. अंगाची हळद ओली असतानाच तापानं गेली. कांताबाईंनी तिला पाहिलं ते फक्त फोटोत, मुंडावळ्या बांधलेली.

मुलाचं, विकासचं लग्न झालं आणि करी रोडच्या या टॉवरातसुद्धा नम्रताला रोज दिवेलागणीला दाराबाहेर संबळ ऐकू येऊ लागला. हळू, काशाच्या वाटीवर कुणी नख वाजवावं तसा. अन्नावरची वासना उडाली, पोर वाळत चालली. विकास म्हणायचा, लिफ्टचा आवाज असेल. कांताबाईंनी देवीला गोंधळाचा नवस बोलला.

संध्याकाळी भिवा गोंधळी आला. आज्याच्या हातचा त्याचा संबळ, काशाचा, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेल्या. दिवटी पेटली, तेलाचा वास घरभर झाला. एकेका देवाचं नाव घेऊन भिवा आवतण देऊ लागला. कांताबाईंनी दुसरी ओटी देवीपुढच्या तांदळाच्या चौकाशी ठेवली, पदर पसरला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या,

"सुचित्रावहिनी... तुम्हीपण गोंधळाला या."

ओल्या हळदीचा वास आला. भिवाने काठ्या संबळावरून उचलल्या होत्या... संबळ मात्र वाजतच होता.

"कांताबाई," भिवा हळूच म्हणाला, "कुणाला बोलावलंत?"

"आमच्याच माणसाला."

भिवाने पुढच्या देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी नम्रता पोटभर जेवली. दिवस कलला, तरी संबळ नाही की काही नाही. कांताबाईंनी देवीला हात जोडले, डोळे भरून आले. मग चौकाचे तांदूळ उचलताना त्यांचा हात थांबला. आरतीनंतर भिवाने देवांना नाव घेऊन परत पाठवलं होतं. त्याने बोलावले, तेवढ्यांनाच. वहिनींना निरोप कुणी दिलाच नव्हता.

त्यांनी भिवाला लावायला फोन उचलला, आणि खाली ठेवला. इतक्या वर्षांनी घरात आलेल्या बाईला 'जा' कसं म्हणायचं? त्यांनी चहाचा एक कप देव्हाऱ्याशी ठेवला. "बसा वहिनी. घर तुमचंच."

हातातलं काम आटोपून त्या परतल्या, तर कप रिकामा. कपाच्या कानाला ओली हळद.

स्वयंपाकघरातून नम्रताचा आवाज आला, अगदी सहज.

"आई, या कोण आल्यात? आजचा दिवा त्यांनी लावला तर चालेल का, विचारतायत."