सोनूबाईचा पुकारा

ओहोटीला मार्वेची होडी मनोरीच्या काठाला लागत नाही. शेवटी चिखलातून चालावं लागतं आणि चपला आधीच हातात घ्यायच्या असतात. काळा कोट खांद्यावर टाकलेल्या त्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याची एक चप्पल चिखलाने गिळली आणि तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला.

"वकीलसाहेब, चप्पल जप्त झाली वाटतं!" मला राहवलं नाही.

"मग तुम्ही जामीन राहा ना..."

"अनोळखी आरोपीला मी जामीन राहत नाही."

"आरोपीचं नाव श्यामकांत. झाली ना ओळख?"

मी हात पुढे केला. त्याने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि मीही सोडवून घेतला नाही.

मी कांदिवलीची, शाळेत शिकवायची. दर रविवारी मनोरीला जाऊन कोळणींना अक्षरं शिकवत असे. श्यामकांत आला होता सोनूबाई या कोळणीकडे, तिचा वकील म्हणून. तिच्या मुलाने, चंदूने, मार्तंडच्या दारूच्या भट्टीची खबर पोलिसांना दिली होती. दारूबंदीचे दिवस ते. मार्तंडने भर दुपारी, किनाऱ्यावर, वल्ह्याने मारून चंदूचा जीव घेतला. बघणारी एकटी सोनूबाई होती.

मग रविवारी आम्ही दोघं तिच्या अंगणात असायचो. सुकणाऱ्या बोंबलांचा वास, वारा, आणि मध्ये श्यामकांत पट्टेवाल्याचं सोंग घेऊन उभा.

"मावशी, कोर्टात तीनदा पुकारा होतो. पहिल्याच हाकेला उठायचं. घाबरायचं नाही. सोनूबाई... हाजिर हो!"

"हाजर हाय, सायब!" टोपली बाजूला सारून सोनूबाई ताठ उभी राहायची आणि स्वतःशीच हसायची. चंदू गेल्यापासून ती हसली नव्हती. ती पहिल्यांदा हसली, त्या दिवशी मी श्यामकांतकडे बघितलं आणि प्रेमात पडले. सरळच सांगते, त्यात लपवायचं काय?

परतताना होडीत तो हळूच म्हणाला, "मृणालिनी..."

"एकदाच? कायद्याने चाल ना. तीनदा."

त्याने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज अगदी कानाशी आला.

"हजर," मी म्हटलं, आणि मार्वे येईपर्यंत पाण्याकडेच बघत बसले.

पण खुनाचा खटला सरकार चालवतं. सोनूबाईचा वकील नुसता मागच्या बाकावर बसणार. जुने सरकारी वकील निवृत्त होत होते आणि ती जागा श्यामकांतला हवी होती, म्हणजे चंदूचा खटला तोच उभा राहून चालवील. कागदोपत्री नावं कलेक्टर आणि जज्ज पाठवायचे. त्यातलं कुठलं नाव पुढे सरकणार, ते ठरायचं आमच्या ओटीवरच्या झोपाळ्यावर. माझे वडील, अप्पा, सत्तेतल्या पक्षाचे तालुकाध्यक्ष होते. निवडणूक तोंडावर आली होती, आणि किनाऱ्यावरची मतं मार्तंडच्या मुठीत होती.

आमचं दोघांचं अप्पांच्या कानावर गेलं. ते रागावले नाहीत. त्यांनी रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठेवला. मामा आणि काका म्हणून बसले होते ते पक्षाचे दोन कार्यकर्ते. मला गाणं येतं का, कुणी विचारलं नाही. बघायचं होतं ते मुलालाच.

"साक्षीदार कुणाला बोलवायचं, कुणाला गाळायचं, हे सरकारी वकीलच ठरवतो ना हो?" अप्पांनी गोड आवाजात विचारलं.

"हो..."

"म्हाताऱ्या बायकांना उगाच कोर्टात ओढू नये, असं आपलं माझं मत. तुमची नेमणूक झाली, की लगेच तारीख काढू. लग्नाची म्हणतो मी."

श्यामकांतचा चमचा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली... नाही, नाही. सगळ्यांनी ते बघितलं. मग त्याने बशीकडे नजर वळवली आणि घास घेतला.

"पोहे छान झालेत," तो म्हणाला.

पायरीवर मी त्याला गाठलं. "काय कबूल करून आलास तू, श्याम?"

"वेडी आहेस का? एकदा नेमणूक हातात पडू दे गं. कोर्टात मीच उभा राहणार ना? तिथे अप्पा थोडेच येणार आहेत!"

त्याचे डोळे तेच होते, होडीतले. मी विश्वास ठेवला.

नेमणूक झाली. खटल्याच्या दिवशी सोनूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. डॉक्टरांचा पुकारा झाला, जमादाराचा झाला. प्रत्येक वेळी ती अर्धी उठायची.

"माजा नाव कवा घेतान गो, पोरी?"

"घेतील, मावशी."

दुपार कलली. आतून माणसं बाहेर पडायला लागली. मार्तंड सुटून आला, दारातच त्याने विडी पेटवली आणि हार आणायला माणूस पाठवला. त्याच्यामागून श्यामकांत आला, नव्या कोटात. म्हातारीची नजर अधू आहे, साक्षीची गरज नाही, असं त्याने कोर्टाला सांगितलं होतं.

सोनूबाई उठली. हात जोडून त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

"मी हाजर हाय, सायब."

तो तिला वळसा घालून माझ्याजवळ आला.

"मृणाल, ऐक ना... तिला बोलावलं असतं, तर नेमणूक गेली असती. तू गेली असतीस. मी हे तुझ्यासाठी केलं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, श्याम. आजही आहे, आणि ते एवढ्यात जायचं नाही. पण ही नेमणूक तू तुझ्याकडेच ठेव. त्या नेमणुकीबरोबर मी येत नाही."

मी सोनूबाईचा हात धरला. आम्ही पायऱ्या उतरलो.

"मृणालिनी..." मागून हाक आली. थोड्या वेळाने पुन्हा आली. फाटकाशी पोचलो तेव्हा तिसरी आली, पार फाटलेल्या आवाजात.

सोनूबाई थांबली. "पोरी, तुजा नाव घेतान गो."

"चला मावशी," मी म्हटलं, "ओहोटी लागायच्या आत होडी गाठू या."