साडेसहाची गर्दी

गौतमीच्या हातातला रंगीत प्रिंट अजून कोमट होता, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "हे लोक नाहीत हो."

ती वळली. पिरंगुटच्या चौकातलं झेरॉक्सचं दुकान ते केवढं, त्यात बाहेर अचानक सर आलेली, म्हणून चार-पाच जण आत घुसलेले. त्यातलाच हा एक. हेल्मेट काखेत, केसांतून पाणी निथळतंय आणि नजर सरळ हिच्या कागदावर!

"लोक नाहीत? मग काय म्हशी आहेत?" गौतमी म्हणाली.

मुळशीची पोरगी ती. तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करायची, तर आधी ओळख तरी पाहिजे.

"तसं नाही..." तो गडबडला. "तुम्ही इथं लिहिलंय, 'महिन्याला ९,३४० लोक'. पण तो आकडा व्ह्यूजचा आहे. म्हणजे तुमच्या वेबसाइटची पानं किती वेळा उघडली, तो. माणसं किती आली ते खाली आहे, बारीक अक्षरात. दोनशे एक्कावन्न."

"तुमचं नाव काय, गाव काय, आणि दुसऱ्याच्या कागदात डोकं घालायची सवय कधीपासनं?"

नाव ऋषिकेश. गाव परभणीकडचं. राहायला जांब्यात, भाड्याच्या खोलीत. काम हिंजवडीत — कंपन्यांच्या वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, हे दिवसभर बघत बसायचं. आणि आज शनिवार म्हणून साहेब लवासा बघायला निघाले होते.

"लवासात काय बघायचंय? रिकाम्या बिल्डिंगी?"

"आता नाही जात," तो म्हणाला. "इथंच बरंय." आणि पावसाकडे बघू लागला. पण पाऊस केव्हाच थांबला होता, हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला... आणि गौतमीला आलेलं हसू लपवायला त्याहून जास्त.

"खोटं वाटत असेल तर उरवड्याला या," ती जाता जाता म्हणाली. "विहाराच्या मागं अभ्यासिका आहे. सगळं उघडून दाखवते."

बोलावलं होतं भांडायला. तो पुढच्या शनिवारी खरंच आला!

आता ही अभ्यासिका म्हणजे काय, ते ऐका. वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून दोन खोल्या, दोन जुने कॉम्प्युटर आणि भिंतभर पुस्तकं. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक... ज्याला जी परीक्षा द्यायची त्यानं इथं बसावं. गौतमी तिथं प्रश्नसंच काढायची. मग तिला वाटलं, उरवड्यात बसणाऱ्यांनाच का? लांब डोंगरात जिला क्लास परवडत नाही, तिनं काय करायचं? म्हणून तिनं वेबसाइट केली. रोज पन्नास प्रश्न, उत्तरं सोप्या मराठीत समजावलेली, सगळं फुकट. दोन वर्षं एकही दिवस खाडा नाही. सांगा, अशा पोरीनं मान ताठ ठेवायची नाही तर कुणी ठेवायची?

आणि दीड महिन्यानं एका ट्रस्टच्या मॅडम येणार होत्या, ही साइट बघायला. महिन्याला हजार माणसांच्या वर येत असतील तर अभ्यासिकेला दहा नवे कॉम्प्युटर मिळणार होते. अख्खी वस्ती त्या दहाची वाट बघत होती. गौतमीनं 'नऊ हजार' म्हणून सगळ्यांना सांगून टाकलेलं!

"चला, दाखवा," ऋषिकेश खुर्ची ओढून बसला.

मग दर शनिवारी तो यायला लागला आणि तिला एकेक गोष्ट समजावू लागला. एक माणूस दहा पानं बघतो, तेव्हा व्ह्यूज दहा, माणूस एकच. बाऊन्स रेट म्हणजे दारात डोकावून आल्या पावली परत जाणारे शंभरात किती. एंगेजमेंट टाइम म्हणजे आत बसून खरोखर वाचलं किती वेळ.

"आणि शहाण्यासारखं बोलणारे किती, ते कुठं दिसतं?" ती विचारायची.

"ते डॅशबोर्डवर नाही दिसत. समोर बसावं लागतं."

"बसलायस की."

बघा, 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकाच स्क्रीनवर दोन डोकी. बाहेर भाताला लोंब्या आलेल्या, वाऱ्याबरोबर आंबेमोहराचा वास थेट खोलीत. माऊसवर तिचा हात असताना त्याचा हात पुढे यायचा, मग अर्ध्यात थांबायचा... आणि तो उगाच चहाचा कप उचलायचा. रिकामा कप!

पाचव्या शनिवारी त्यानं आलेखावर बोट ठेवलं.

"गौतमी, हे बघ. रोज सकाळी साडेसहा ते सात. एकदम उभा सुळका. तुझ्या नऊ हजारांतले सात हजार दोनशे व्ह्यूज एवढ्या अर्ध्या तासातले आहेत. सगळे पुणे भागातून. दोन सेकंद थांबतात, जातात, परत येतात."

"म्हणजे?"

"बॉट असणार. मशीन. माणूस असं नाही करत."

गौतमीचा चेहरा उतरला. कुठलं मेलं मशीन आपल्या साइटवर येऊन बसलंय? आता रात्री झोप कुठली लागायला! तिनं सांगितलं, उद्या सकाळी ये, पकडूच त्याला.

रविवारी सव्वासहाला दोघं अभ्यासिकेच्या आतल्या खोलीत दबा धरून उभे राहिले. विहारातली वंदना संपली. पावलं वाजली. दार उघडून आत आले ते गेणबा, गौतमीचे अप्पा. तीस वर्षं उरवड्याच्या कारखान्यात काढलेला माणूस, आता विहाराची देखभाल करतो. त्यांनी पहिला कॉम्प्युटर सुरू केला, चष्मा नाकावर सरकवला आणि एका बोटानं... साइट उघडली. बंद केली. उघडली. बंद केली.

ऋषिकेश हळूच म्हणाला, "तो बघ तुझा बॉट."

"अप्पा! काय करताय?"

अप्पा दचकले, मग एकदम खुलले. "अगं, मी रोज पन्नास येळा उघडतुया. वस्तीतल्या अडतीस घरांस्नी बी सांगून ठेवलंय, सकाळी उठलं की फोनवर पाच-पाच येळा दाबायचं. लेकीच्या साईटवर माणूस दिसाय नको व्हय? दुकान मोकळं दिसलं तर गिऱ्हाईक येतंय का?"

गौतमीनं आता रागवावं कुणावर? हा माणूस दोन वर्षं गुडघे दुखत असताना तिच्यासाठी रोज पन्नासदा बटण दाबत होता. ती तशीच बाहेर आली आणि विहाराच्या पायरीवर बसून रडली. ऋषिकेश शेजारी बसला. रुमाल पुढं केला.

रडणं ओसरल्यावर म्हणाला, "वस्तीचे अडतीस फोन आणि अप्पांचा कॉम्प्युटर सोडला तर खरे लोक दोनशे बारा. पण एक सांगू? मॅडम बारीक अक्षरातलं वाचणार नाहीत. नऊ हजार तसंच राहू दिलंस तरी..."

"दोनशे बारा," ती नाक पुसत म्हणाली. "मी 'लोक' लिहिलंय कागदावर. म्हशी मोजून लोक कशी म्हणू?"

इतक्या सरळ माणसाच्या शेजारी आपण बसलोय, याचाच त्याला अभिमान वाटायला लागला.

पुढच्या रविवारी ट्रस्टच्या हेमलता मॅडम आल्या. अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नाही, अर्धी वस्ती खिडकीत. अप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

गौतमी उभी राहिली.

"मॅडम, वस्तीला मी नऊ हजार सांगितले होते. चूक माझी. मी पानं मोजली, माणसं नाही. खरी माणसं दोनशे बारा."

खिडकीत कुजबुज झाली. अप्पांचा चेहरा पडला. मॅडमनी कागदावरून मान वर केली. "मग बाकीचं काय होतं?"

"बाकीचे माझे वडील, आणि ही आमची वस्ती." तिनं हात केला. "मला वाईट वाटू नये म्हणून रोज सकाळी उठून साइट उघडत होते. कुणाच्या लेकीला असं मिळतं, सांगा मला? त्यांना मी आकड्यात धरत नाही. पण ती माझी माणसं आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे."

अप्पा उभे राहिले. "म्याडम, चूक माझी हाय. तिला कायबी ठावं न्हवतं."

"चूक नाही अप्पा. बसा तुम्ही." ती परत स्क्रीनकडे वळली, आणि मग काय बोलली ती! "हे दोनशे बारा बघा. एकेक जण सरासरी एकोणीस मिनिटं थांबतो. गडचिरोली, वाशिम, नंदुरबार... जिथं मी कधी गेले नाही तिथून येतात. आणि मागच्या भरतीत सहा मुली लागल्या. सहाही जणींनी इथं लिहून कळवलंय. वाचून दाखवते."

तिनं वाचून दाखवलं. खिडकीतल्या बायका डोळे पुसायला लागल्या.

मॅडमनी फाईल मिटली. "नियम मला मोडता येणार नाही. दहासाठी हजार माणसं लागतात. दोनशे बाराला चार कॉम्प्युटर बसतात." मग हसल्या. "पण आकडा खाली आणून सांगणारी मला तूच पहिली भेटलीस. चार या महिन्यात येतील."

"चार तर चार!" अप्पा ओरडले. "खरं बोलून मिळवल्यात माझ्या लेकीनं!" आणि अशा टाळ्या पडल्या, की चाळीस मिळाले असते तरी याहून जास्त पडल्या नसत्या.

गर्दी पांगली. अंगणात बारीक भुरभुर सुरू होती. ऋषिकेश कडेला उभा, डोळे लाल.

"लई भारी बोललीस," तो म्हणाला. इतके दिवस पुस्तकी बोलणारा माणूस, गावाकडचं 'लई' तिच्यासमोर पहिल्यांदाच बोलला.

"मी सगळ्यांसमोर खरं बोलले. आता तू बोल." गौतमी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "दर शनिवारी कुठं जातोस, घरी काय सांगितलंयस?"

"प्रोजेक्ट आहे म्हणून..." तो चाचरला.

"मी प्रोजेक्ट आहे?"

"नाही. म्हणजे—"

"ऋषिकेश, आमच्या दारावर जयभीम लिहिलंय. ते मी कुणासाठी झाकणार नाही. कुणाच्या घरी मी चोरून असणार असेन, तर पुढच्या शनिवारी येऊ नकोस."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि आईला लावला.

"काय रे बाबा, जेवलास का?" उषाबाईंचा आवाज अंगणभर.

"आई, मी खोटं बोललो. प्रोजेक्ट-बिजेक्ट काही नाही. मला एक मुलगी आवडते. गौतमी नाव आहे. उरवड्याची. बौद्ध आहेत ते. आणि आई... इतकी खरी मुलगी मी बघितली नाही. लग्न करीन तर हिच्याशीच."

गौतमीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. अप्पा विहाराच्या दारात थबकले.

"गावात लोक बोलतील," उषाबाई सावकाश म्हणाल्या. "तुझे वडील तर महिनाभर फुगून बसतील. बसू दे, बघते मी त्यांच्याकडं... पोरगी काय म्हणायली?"

"तिला... अजून विचारलं नाही."

"अरे येड्या! मग मला काय विचारायलास? आधी तिला विचार की!"

खिडकीआड अजून रेंगाळलेल्या बायका फसकन हसल्या. ऋषिकेश कानापर्यंत लाल झाला. भुरभुर पावसात, अप्पांच्या देखत, सगळ्या वस्तीच्या देखत तो तिच्याकडे वळला. "गौतमी... तू..."

पुढचे शब्द काही केल्या त्याच्या तोंडातून येईनात.

गौतमीनं मान ताठ केली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, मी गौतमी बोलतेय. त्यानं विचारलंय, आणि मी हो म्हणालेय."