सतरावं वजन

दहा मिलिग्रॅमचं वजन अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं असतं. बाजू साधारण सहा मिलिमीटर, आणि चारातला एक कोपरा वर वळवलेला – चिमट्यानं धरता यावं म्हणून. जवळ कुणी जोरानं श्वास सोडला तरी ते जागचं हलतं. बोटानं उचलायचं नसतं. बोटाचा घाम लागला की ते दहा मिलिग्रॅमचं उरत नाही.

हे इतकं सांगायचं कारण, आमच्या पेटीतलं हेच वजन हरवलं.

१९७३ साली मी नागपुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय रसायनशास्त्र. वर्गात आम्ही सव्वीस जण, आणि चालू स्थितीतले तराजू तेरा. म्हणून दोघांत एक तराजू, रोल नंबरच्या क्रमानं. माझा नंबर अकरा. बारा नंबरला शालिकराम नावाचा मुलगा होता. तो नागपूरपासून दोन तासांवरच्या खाप्याचा, मी शहरातल्याच सक्करदऱ्याची. बी.एस्सी. आम्ही वेगवेगळ्या कॉलेजांतून केली होती, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तुकड्या वेगळ्या होत्या, त्यामुळे एकमेकांशी कधी बोललोही नव्हतो. नावांची यादी ज्या कारकुनानं टाइप केली, त्यानं आमची गाठ घातली, असं म्हणता येईल.

तराजूंची खोली रामाजींच्या ताब्यात असे. रामाजी प्रयोगशाळेतले जुने सहायक. मागं कधीतरी वजनं हरवली होती, तेव्हापासून त्यांनी स्वतःचा एक नियम केला होता. वजनाची पेटी उघडताना आणि बंद करताना जोडीतले दोघंही हजर पाहिजेत. दोघांनी एकेक वजन मोठ्यानं मोजायचं. मग रामाजी विचारत, ‘कमी-जास्त?’ दोघांनी ‘काही नाही’ म्हणायचं आणि वहीत सही करायची. एकटा आला तर पेटी मिळत नसे. पेटीत वजन कमी भरलं तर तराजूला कुलूप, कलकत्त्याहून नवं वजन येईपर्यंत. त्याला तीन-चार महिने सहज लागत.

नियम चांगला होता. फक्त शालिकराम एसटीनं येत असे.

त्याची बस सावनेरला पंधरा मिनिटं थांबायची, कधी पाऊण तास. प्रात्यक्षिक अकराला सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी मी माझी मूस, म्हणजे पदार्थ तापवायची चिनी मातीची वाटी, हातात घेऊन तराजूच्या खोलीबाहेर चाळीस मिनिटं उभी होते. बाकीच्या बारा जोड्या आत वजन करत होत्या. तो आला तेव्हा धापा टाकत होता. रामाजींनी त्याला ‘काहून गा, बस ढकलत आणली का?’ असं विचारलं. तो म्हणाला, अर्धी ढकलली, अर्धी चालवली. रामाजी हसले. मी हसले नाही.

वजनं मोजताना मला त्याच्या बाहीवर पांढऱ्या सुताचा एक तंतू दिसला. त्याला मी बोललेलं पहिलं वाक्य ‘बाहीला सूत आहे’ हे होतं. त्यानं सांगितलं, की घरी हातमाग आहे, वडील लुगडी विणतात, सकाळी तो बॉबिन भरून देतो. कितीही झटकलं तरी एखादा धागा राहतोच. मग त्यानं तो धागा चिमट्यानं काढून माझ्यापुढं धरला.

“किती भरते हे, सांगता का?”

मी तोलून सांगितलं. चार मिलिग्रॅम. ते त्यानं आपल्या प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, तारखेसकट. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटला.

तराजूच्या खोलीत पंखा लावायला परवानगी नव्हती. वाऱ्यानं पारडी हलतात. खिडक्याही बंद. पारड्यांभोवती काचेची पेटी असते, आणि काटा स्थिर होईपर्यंत हालचाल न करता वाट बघायची. अशा वेळी दोन काचांपलीकडे समोरच्याचा चेहरा दिसतो – जरा हिरवट, जरा वाकडा. तो माझ्याकडे बघत नसे. मीही बघत नसे. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणजे कुणीतरी बघत असलंच पाहिजे.

डिसेंबरात ते वजन हरवलं. काम संपवून मोजायला घेतलं तर पंधरा भरली. पेटीत सोळा असतात. टेबल पाहिलं, पारड्यांखाली पाहिलं, जमिनीवर वाकून पाहिलं. दारात रामाजी वही घेऊन उभे होते. मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि कुलूप लागलं असतं तर दोघांचंही वर्ष गेलं असतं.

“कमी-जास्त?” रामाजींनी विचारलं.

“काही नाही,” शालिकराम म्हणाला आणि त्यानं सही केली. मग वही माझ्याकडे सरकवली. मीही सही केली. त्या दिवशीची माझी सही नेहमीपेक्षा जरा लहान आली होती.

दहाच्या वजनाशिवाय काम कसं करायचं, हे दुसऱ्या दिवशी त्यानंच काढलं. तराजूच्या दांडीवर तारेचा एक बारीक स्वार असतो, रायडर. तो उजवीकडे सरकवला की एक ते दहा मिलिग्रॅम वाढतात, डावीकडे सरकवला की तेवढेच कमी होतात. सतरा हवे असतील तर पारड्यात वीस ठेवायचे आणि रायडर डावीकडे तीनवर न्यायचा. वीस वजा तीन. हिशेब बरोबर येतो, पण चुकायची शक्यता वाढते. म्हणून एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं वजाबाकी करून लिहायचं, असं आम्ही ठरवलं. तोवर मी माझं वजन करून बाहेर जायची, मग तो त्याचं करायचा, आणि मोजणीला मी परत यायची. आता दोघांची दोन्ही वजनं दोघांनी मिळून करावी लागत. चाळीस मिनिटांच्या कामाला सव्वा तास लागे.

त्या सव्वा तासात फार बोलणं होत नसे. बोललं की काच धुरकटते. जे होई ते असं – मेसच्या वरणात डाळ शोधायला कोणतं रिएजंट वापरावं... लायब्ररीतलं एकच एक पुस्तक ज्या सरांनी दोन वर्षांपासून घरी ठेवलं आहे, त्यांना ते पाठ झालं असेल का... डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद पडलं की नळाचं पाणी वापरून क्लोराइड सगळ्यांनाच कसं सापडतं. तो मला ‘तुमी’ म्हणे, मी त्याला ‘तुम्ही’. माझी वजाबाकी एकदा चुकली, तेव्हा त्यानं फक्त पेन्सिलीनं आकड्याखाली एक टिंब दिलं. टिंब मी खोडलं नाही.

रोज नसलेलं दहाचं वजन मोजून सही करताना मी ठरवायची, की उद्या रामाजींना खरं सांगून टाकायचं. उद्या आला की परीक्षा एक दिवस जवळ आलेली असे.

परीक्षा झाली. निकाल जूनमध्ये लागायचा होता.

एप्रिलमध्ये आमच्या घरी भिलाईचं स्थळ आलं. मुलगा पोलाद कारखान्यात इंजिनिअर. माणसं बरी होती, त्यांना मी पसंत होते, आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं ते माझं. माझे वडील शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी सक्ती केली नाही. त्यांनी एक अंतर्देशीय पत्र आणलं, वर भिलाईचा पत्ता लिहिला आणि आतून कोरं ठेवून कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवलं. दर रविवारी चहा झाला की ते विचारत, “गोपिका, काय लिहू?” मी म्हणत असे, “निकाल लागू द्या, बाबा.”

जून गेला. जुलै गेला. विद्यापीठानं आधी पंधरा दिवस म्हटलं, मग लवकरच म्हटलं, मग काहीच म्हणायचं बंद केलं. मुलांनी मोर्चा काढला. नोकऱ्या हुकत होत्या, पुढचे प्रवेश हुकत होते. सगळा वर्ग विद्यापीठाला शिव्या देत होता. मी देत नव्हते, आणि माझं हे वागणं मला बरोबर वाटत नव्हतं.

दर आठवड्याला मी सूचनाफलक बघायला जाई. शालिकरामही येई, खाप्याहून, दोन तास बसून, रिकामा फलक बघायला. फलकासमोर चिंचेचं झाड होतं. भिलाईचं मी त्याला तिथं सांगितलं. तो बराच वेळ फलकाकडे बघत राहिला, जणू त्यावर काही लागलं आहे.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. मग – “तुमी काय सांगितलं?”

“निकालानंतर सांगते म्हणाले.”

“मंग लागू नये लवकर,” तो म्हणाला, आणि लगेच बसची वेळ झाल्याचं सांगून निघाला. बसला अजून पन्नास मिनिटं होती.

आमची जात एक नव्हती. त्यानं कधी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही तर मला काही सांगावं लागणार नव्हतं. अशा स्थितीत माणूस बराच काळ राहू शकतो.

आणखी एक गोष्ट लांबत होती. गुणपत्रिका हवी तर बेबाकी प्रमाणपत्र लागतं. लायब्ररी, जिमखाना, प्रयोगशाळा, सगळीकडच्या सह्या. प्रयोगशाळेची सही म्हणजे रामाजी, आणि रामाजी म्हणजे पेटी उघडून दोघांनी शेवटची मोजणी. बाकी सगळ्या जोड्यांनी मेमध्येच ती उरकली होती. आम्ही मात्र ‘पुढच्या वेळी’ म्हणत होतो. मला वाटे, हरवलेल्या वजनाच्या भीतीनं.

ऑक्टोबरात, एका शनिवारी, निकाल लागला. मी पहिल्या वर्गात होते, तोही. तीन गुणांनी माझ्या पुढं. आता पुढच्या वेळी म्हणायला जागा नव्हती. आम्ही रामाजींकडे गेलो. जाताना त्यानं सांगितलं, की हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, त्याला नोकरी मिळाली आहे. सोमवारपासून पहिली पाळी. मी अभिनंदन केलं. वजन भरून द्यावं लागलं तर निम्मा दोष माझा, असंही सांगितलं. त्यानं खिशातलं पेन चाचपलं.

रामाजींनी पेटी पुढं ठेवली. खोलीत तोच बंद वास होता. आम्ही मोजायला लागलो, सवयीनं, एक त्याचं, एक माझं. पन्नास. वीस. वीस. दहा. पितळेची आठ झाली. मग पत्र्याची. पाचशे. दोनशे. दोनशे. शंभर. पन्नास. वीस. वीस...

शेवटच्या खाचेत दहा मिलिग्रॅमचं वजन होतं. एक कोपरा वर वळवलेला.

मी शालिकरामकडे पाहिलं. तो माझ्याइतकाच चकित झाला होता.

“सोळा,” रामाजी म्हणाले. “कमी-जास्त?”

‘काही नाही’ म्हटलं की संपलं होतं. सही, प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आणि सावनेरची बस. मी तोंड उघडलं, पण तो थांबा म्हणाला. खिशाचं पेन काढून त्यानं टोपण फिरवलं आणि ते तळहातावर उलटं केलं. कापसाचा एक लहान बोळा पडला. तो त्यानं उलगडला, चिमटा घेतला आणि आतलं वजन पहिल्या वजनाशेजारी ठेवलं.

“सतरा,” तो म्हणाला.

रामाजींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “मे महिन्यात म्या साऱ्या पेट्या पाह्यल्या,” ते म्हणाले. “तुमच्यात दहा नव्हता. फुटक्या पेटीतला तुमच्यात ठेवून देल्ला. पोरांचं वर्ष काहून अडवायचं?” मग शालिकरामला – “हे कुठून काढलं गा?”

स्वेटरच्या बाहीच्या घडीत अडकलं होतं. धुवायला घेताना त्याच्या आईला सापडलं, आणि जरीची टिकली समजून तिनं ते कुंकवाच्या डबीत ठेवलं होतं.

“केव्हा सापडलं?” मी विचारलं.

“चौथ्या दिवशी.”

डिसेंबर ते मार्च. मी मनात वजनं मोजली. त्रेसष्ट वेळा आम्ही वजाबाकीनं वजन केलं होतं. त्रेसष्ट सव्वा तास. मला राग आला होता, आणि रागाबरोबर आणखी काही होतं, ते वेगळं काढता येत नव्हतं.

“काहून नाही दिलं?” मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडी नसतो. आमच्या घरी ‘का’ म्हणतात.

त्यानं पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसलं आहे की नाही, हे दोनदा पाहिलं.

“देल्लं असतं तर तुमी तुमचं वजन करून बाहेर गेल्या असत्या,” तो म्हणाला. “मले तेवढंच पाह्यजे होतं... तुमी बाहेर नाही जायचं. आज नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं, माहीत हाय मले. पण मंग ते खोटं सोबत राह्यलं असतं.”

रामाजी वहीत डोकं घालून बसले होते. त्यांनी कमीचा रकाना पाहिला, शेरा पाहिला, पान उलटून मागं पाहिलं. मग सतरावं वजन चिमट्यानं उचलून माझ्यापुढं धरलं.

“जास्तीचं मह्या वहीत लिवाची सोय नाही वं, पोरी. हे तू घेऊन जा.”

मी ते कापसात गुंडाळून पाकिटात ठेवलं. बाहेर चिंचेखाली आलो तेव्हा तो म्हणाला, की आता निकाल लागला. मी हो म्हटलं. त्यानं पुढं काही विचारलं नाही. मी त्याच्या बाहीकडे पाहिलं. सुताचा एक तंतू होता. तो मी काढला, चिमटा नव्हता म्हणून बोटांनी. मग त्याच्याकडून घराचा पत्ता लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहा झाला. बाबांनी कपाट उघडलं, नकाशांशेजारचं पत्र काढलं, चष्मा पुसला. सहा महिन्यांत पत्राच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“निकाल लागला,” बाबा म्हणाले. “गोपिका, काय लिहू?”

वजन ठेवलेलं पाकीट माझ्या मांडीवर होतं. मी त्यावर हात ठेवला.

“भिलाईला नाही म्हणून लिहा, बाबा. आणि दुसरं एक पत्र घ्या, खाप्याचं. पत्ता मी सांगते.”