हिरवं वर्तुळ, चार सतरा

कॉफी घ्या आणि बसा, पोरांनो. आर्नीची गोष्ट सांगतो. डुलूथच्या इस्पितळात बावीस वर्षं काढली त्यानं माझ्याबरोबर, थापा मारणाऱ्यांतला नव्हे.

सतरा जानेवारी, पहाटेचे पावणेतीन. आर्नी तळघरातल्या कोठीत मार्कर आणायला गेला होता. वर अतिदक्षता विभागात जनेल, अठ्ठावीस वर्षांची, फ्लूनं फुप्फुसं पार निकामी झालेली. घरी दोन वर्षांचं लेकरू. तिचं रक्त नळीनं बाहेर काढून, पारदर्शक डबीत त्यात ऑक्सिजन भरून, परत अंगात सोडत होते. त्या डबीत गुठळ्या धरतात. म्हणून दर तासाला टॉर्च मारायची, काळा ठिपका दिसला की बाहेरून मार्करनं वर्तुळ काढायचं, शेजारी वेळ लिहायची. तुम्ही कंटाळत करता तेच.

कोठीत एक मार्कर असेल तर शपथ. आमच्याकडे यंत्र नवंकोरं येईल, मार्कर यायचा नाही. खुंटीला तोइवोचा कोट अजून लटकत होता. तोइवो आमचाच माणूस, नोव्हेंबरात वारला. खिशात त्याचा हिरवा मार्कर. आम्ही सगळे काळा वापरायचो, हा एकटा हिरवा. आर्नीनं झाकण काढलं. पार वाळलेला. तरी खिशात टाकून वर आला.

टॉर्च मारली तर दोनाचे पाच ठिपके झालेले. त्यानं फोन लावला.

"डॉक्टर, डबी बदलू या."

"आकडे बरे आहेत ना?"

"आहेत. पण रंग काही मला आवडत नाही."

"आर्नी, तू काय घरचे पडदे निवडतोयस? सकाळी बघू."

तीन फोन झाले. तिन्हीला 'सकाळी बघू'. माझं डोकं आजही फिरतं. तोइवो म्हणायचा, गुठळीला घड्याळ कळत नाही.

तीन पंचवीस. पुन्हा टॉर्च. डबीच्या खालच्या अंगाला हिरवं वर्तुळ. शेजारी वेळ, चार सतरा. साताच्या पोटात आडवी रेघ... ती तोइवोची खोड. वर्तुळात काहीच नाही. स्वच्छ लाल.

आर्नीनं स्पिरिटचा बोळा फिरवला. जाईना. पुन्हा घासला. जाईना...

यावर फोन करून सांगणार काय? नोकरी गेली तर गेली म्हणत त्यानं कुणाला न विचारता नवी डबी काढली, नळ्या सलाइननं भरल्या, पलंगाशी तयार ठेवली.

चार दहा. काही नाही.

चार पंधरा...

चार सतरा. नळी थडथडली. वर्तुळ आतून काळं झालं. भोंगा.

मिनिटभरात डबी बदलली. तयार नसती तर वीस मिनिटं लागली असती, आणि जनेलकडे पाचही नव्हती. मार्चमध्ये ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. डॉक्टरांनी नोंदीत लिहिलं, 'माझ्या सूचनेनुसार वेळेवर बदल.' घ्या.

जुनी डबी आर्नीनं मला दिव्याखाली धरून दाखवली. कारखान्यातून सीलबंद येते ती, उघडतच नाही. मी त्या हिरव्या रेघेवर नख घासून पाहिलं. गुळगुळीत.

शाई आतल्या बाजूला होती.